आत्याची वाटी आणि पांढरं लुगडं

बिशपसाहेब येणार, ही बातमी आमच्या वस्तीत मास्तरांनी सांगितली असं सगळे म्हणतात. साफ खोटं. ती मी सांगितली. नेवाशाहून टपालवाला सायकलवर आला तेव्हा मी विहिरीवर होते. उन्हात आणखी पुढं जायचा कंटाळा आला म्हणून त्यानं मास्तरांचं कार्ड माझ्याच हातात दिलं. पाकीट असतं तर मी हात लावला नसता, पण कार्ड म्हटल्यावर वाचायचंच की! वाचलं आणि घागर तिथंच टाकून बोंबलत सुटले. कार्ड मास्तरांच्या हाती पडलं तेव्हा त्यांच्या दारात अर्धी वस्ती जमली होती. त्यांनी सगळ्यांदेखत माझा कान पिळला, पण त्या दिवशी तो दुखलासुद्धा नाही.

आनंद व्हायला कारणही तसंच होतं. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळायचं नाही, त्यामुळे कित्येक वर्षं बिशपसाहेब आमच्या बाजूला फिरकलेच नव्हते. आणि बिशपांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय दृढीकरण होत नाही. दृढीकरण झाल्याशिवाय प्रभुभोजनाला पुढं जाता येत नाही. लहानपणी पाळण्यात असताना बाप्तिस्मा झाला होता, पण त्याचं मला काय आठवतंय? महिन्यातून एकदा नगरचे पाद्रीसाहेब आले की मोठी माणसं उठून वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकायची, भाकर आणि द्राक्षारस घ्यायची, आणि आम्ही पोरं बाकावर पाय हलवत बसायचो. मला चौदावं लागलं होतं, उंचीनं मी आईच्या बरोबरीला आले होते, तरी बाकावरच! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

दृढीकरणाला आम्ही पाच मुली आणि तीन मुलगे होतो. शाळा सुटली की रोज देवळाच्या ओट्यावर मास्तर आमचा वर्ग घ्यायचे. आमच्याकडं चर्चला देऊळच म्हणायचे. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार, आणि ती लांबलचक प्रश्नोत्तरं. माझं पाठांतर भलतंच झकास. मी दहा आज्ञा एका दमात म्हणायची, आणि नववी आली की आणखी वेग वाढवायची. “आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको” हे माझ्या तोंडून इतक्या झरझर जायचं की मास्तर म्हणायचे, “अगं, बेलापूर टेसनावरसुद्धा गाडी थांबती, तू कुठं थांबतीस का न्हाई?” बाकीचे हसायचे. नववीपाशी मी का पळते ते मला ठाऊक होतं, पण ते पुढं सांगते.

पाठांतर झालं की तालीम. मास्तर खांद्यावर घोंगडी घेऊन स्टुलावर बसायचे आणि बिशप व्हायचे. आम्ही दोघं-दोघं पुढं जाऊन गुडघे टेकायचं, मान खाली घालायची. मास्तरांचा हात दगडासारखा जड, आणि बोटांना तपकिरीचा वास. एकदा मला त्यांच्या हाताखालीच सटासट चार शिंका आल्या. “बिशपसाहेबांच्या हाताखाली शिंकलीस तर याद राख,” असं म्हणून त्यांनी मला परत रांगेच्या शेवटी धाडलं. मग भाकरीच्या तुकड्यांनी प्रभुभोजनाची तालीम. डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवायचा, तुकडा चिमटीनं उचलायचा नाही, ओंजळ तोंडाशी न्यायची. प्याला घेताना त्याचा तळ आपल्या हातानं धरायचा, म्हणजे पाद्रीसाहेबांना अंदाज येतो. हे शेवटचं नीट ध्यानात ठेवा.

सगळ्यांत कडक नियम केसांचा होता. त्या दिवशी डोक्याला तेलाचं बोट लावायचं नाही. बिशपसाहेबांचे हात तेलकट होतात, आणि मागच्या वेळी, कित्येक वर्षांपूर्वी, त्यांचा झगा डागाळला होता म्हणे. आमच्या वस्तीतल्या बायांना हे काही पटेना. सणासुदीला पोरीच्या डोक्याला तेल नाही, हे काय भलतंच! “कोरडं डोकं घेऊन देवापुढं जायचं? पोर काय कुणाच्या मयताला चाललीय?” असं म्हणत एक म्हातारी मास्तरांशी भांडून गेली. मास्तर म्हणाले, नियम म्हणजे नियम.

आणि मुलींना पांढरं लुगडं पाहिजे. इथं माझं घोडं अडलं. कापड कंट्रोलवर मिळायचं, दुकानात जे येईल ते मुकाट्यानं घ्यायचं, आणि आमच्या वाट्याला आलं ते जांभळं. जांभळं! मी दोन दिवस जेवले नाही. आई म्हणाली, “जेवू नको, तेवढंच पीठ वाचंल,” म्हणून तिसऱ्या दिवशी जेवले. बाकी चौघींची सोय झाली होती, कुणी मावशीचं आणलं, कुणी धोतर फाडून जोडलं. माझंच तेवढं राहिलं.

बिशप रविवारी यायचे होते. आदल्या शनिवारी आमच्यात एक रीत होती. ज्याचं दृढीकरण असेल त्यानं वस्तीत घरोघर जायचं आणि उंबऱ्यात उभं राहून म्हणायचं, “माझं काही चुकलं असंल तर माफ करा.” घरच्यांनी म्हणायचं, “केलं.” मनात भांडण ठेवून प्रभूच्या मेजाशी, म्हणजे प्रभुभोजनाला, जायचं नाही, असा त्यातला अर्थ. बाकीच्यांचं तासाभरात आटोपलं. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, त्यामुळे माझं मोठं खातं. एकीच्या कोंबडीला मी दगड मारला होता. एकीच्या पोराला शेणात ढकलला होता. ज्या म्हातारीनं तेलावरून भांडण काढलं तिला मी तोंडावर चेटकीण म्हणाले होते. ती काही सोडेना. “कशाबद्दल माफी, ते सांग आदी,” म्हणाली. मी सांगितलं. “आनखी एकदा सांग.” परत सांगितलं. मग पोटभर हसली आणि हातावर गूळ ठेवला. प्रत्येक घरातून निघताना मला कसं मोकळं-मोकळं वाटायचं, मी पुढच्या घराकडं उड्या मारत जायची. होता होता एकच घर राहिलं. आमच्या शेजारचं, आत्याचं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी येऊन राहिलेली, नगरच्या बोर्डिंगात चार बुकं शिकलेली, शेळ्या पाळणारी. गेली दोन वर्षं आत्याला मेज बंद होतं. म्हणजे ती देवळात यायची, पण प्रभुभोजनाच्या वेळी सगळे पुढं गेले तरी ही मागच्या भिंतीला टेकून बसलेली असायची. मंडळीच्या पंचांनी तशी शिक्षा केली होती. आणि ती शिक्षा माझ्यामुळं झाली होती.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला गोवर आला आणि तो अंगातच जिरला. पोर तापानं फणफणलं, डोळे उघडीना. वडील साखर कारखान्यावर कामाला, ते महिन्यातून एकदा यायचे. आईनं रात्रंदिवस प्रार्थना केली. मास्तरांनी केली, सगळ्यांनी केली. गावातल्या बाया विहिरीवर आईला सांगायच्या, मरीआईला थंड दहीभात ठेव, आमची पोरं त्यानंच उठली. आमच्या लोकांनी हे सारं आज्याच्या काळात सोडलेलं. लिंबाखालच्या मरीआईच्या ठाण्याकडं आम्ही वळूनही बघायचं नाही, असा दंडक. पण एका संध्याकाळी आईनं मला मागच्या दारी बोलावलं, हातात वाटी दिली आणि म्हणाली, “लिंबाखाली पानावर पालथी कर आन् वाटी घेऊन ये. कुनाला बोलू नको.” दही आत्यानं दिलेलं, आजारी पोरासाठी म्हणून, तिच्याच कल्हईच्या पितळी वाटीत. मी गेले. वाटी पालथी करायला वाकले. तेवढ्यात कुत्रं भुंकलं, आणि मी वाटी भातासकट तिथंच ठेवून पळाले.

वाटीवर आत्याचं नाव ठोकलेलं होतं, भांड्यावर घालतात तसं टिंबा-टिंबाचं. सकाळी ती मास्तरांना सापडली. रविवारी सगळ्या मंडळीपुढं पंचांनी आत्याला उभं केलं. “वाटी तुझी?” “माझी.” “तिथं तू ठेवलीस?” आत्यानं आईकडं पाहिलं. आईच्या मांडीवर माझा भाऊ होता, आदल्या रात्रीच ताप उतरलेला, हाडांचा सापळा. आत्या गप्प बसली. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. पंच म्हणाले, चूक कबूल करून पश्चात्ताप करीपर्यंत मेज बंद. न केलेली चूक ती कबूल करीना आणि नावही घेईना. म्हणून दोन वर्षं.

आणि माझा निलाजरेपणा ऐका. त्या दिवसापासून मी आत्यावरच रागवायला लागले. तिच्या शेळ्यांना हाकलायची, ती बोलली तर उलटून बोलायची. वस्तीत सगळ्यांशी माझी भांडणं कशावरून तरी होती, हिच्याशी विनाकारण. तिला बघितलं की मला माझीच लाज वाटायची, आणि लाज वाटली की मला राग येतो. तो स्वभाव अजून गेला नाही.

तर मी तिच्या उंबऱ्यात उभी राहिले. म्हणायचं ते घडाघडा म्हणून टाकलं. आत्या म्हणाली, “केलं,” आणि लगेच, “आत ये.” तिनं ट्रंक उघडली. कडुलिंबाच्या वाळक्या पाल्यातून पांढरंशुभ्र लुगडं काढलं आणि माझ्या हातात दिलं. “माझ्या दृढीकरनाचं हाय. कवा नेसलेच न्हाई पुन्हा. जांभळं नेसून गेलीस तर बिशपसाब घाबरंल की गं.”

माझ्या हातात ते मऊ लुगडं, आणि माझ्या तोंडातून निघालं, “आत्या, वाटी मी ठेवली हुती.”

“ठाव हाय मला,” ती म्हणाली. “दही मी दिलं, वाटी मी दिली. मग दुसरं कोन ठेवनार? आन् तू पळत आलीस तवा मी शेळ्याच बांधीत हुते.”

मला असा संताप आला! “मग बोलली का न्हाईस? दोन वर्सं भितीला टेकून बसलीस!”

“अगं, तुझ्या आईच्या मांडीवर लेकरू हुतं. तिला उभी करून काय मिळालं असतं मला? आन् भितीला टेकाया मिळतं, तुमा पुढच्यांना कुठं मिळतं?” हे बोलून ती हसायला लागली. मला काही हसू आलं नाही. मी लुगडं छातीशी धरून घरी आले.

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं लुगडं पाहिलं, ओळखलं, आणि हात थांबले. मी म्हणाले, “आये, मी पाद्रीसाहेबांना सांगनार हाय.” आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, “सांग. नाव काटतील तुझं. बिशप परत यील तवर तुझं लगीन झालेलं असंल. येवढी नाचत हुतीस.” तिचं खरं होतं. माझा जीव त्या हातासाठी महिनाभर टांगलेला होता. मी दारात उभी राहिले, एकदा लुगड्याकडं बघितलं, ते खुंटीवर टांगलं आणि देवळाकडं चालू लागले. चालू कसली, पळतच गेले, थांबले असते तर परत फिरले असते.

देवळात मास्तर स्टुलावर चढून कागदाच्या पताका लावत होते. पाद्रीसाहेब दुपारीच टांग्यानं आले होते, वेदीवरचं कापड सारखं करत होते. मी म्हणाले, “साहेब, मरीआईपुढं वाटी मी ठेवली हुती. आत्यानं न्हाई.”

पाद्रीसाहेबांना क्षणभर कळलंच नाही. मास्तरांना लगेच कळलं, ते पताकेसकट खाली उतरले. “तुला कुणी पाठवलं होतं?” पाद्रीसाहेबांनी विचारलं. आता मात्र माझं तोंड बंद. जन्मात कधी अशी मुकी झाले नव्हते. मास्तर ओरडले, “बोल की! दुसऱ्याची कार्डं वाचून गावभर बोंबलाया येतं, आन् आता का?” मी जमिनीकडं बघत राहिले. आत्या दोन वर्षं कशी गप्प राहिली असेल, ते मला तेव्हा उमगलं.

“मी धाडली हुती,” मागून आवाज आला. आई दारात उभी होती. हाताला पीठ तसंच, डोईवरचा पदर पडलेला. ती आत आली आणि म्हणाली, “लेकरू मरत हुतं, साहेब. देवाला लई हाका मारल्या. मग कुनालाबी मारली. नणंदेनं माझ्यापायी सोसलं. मला काय करायचं ते करा, पर पोरीला अडवू नका. तिला मी धाडली म्हनून गेली ती.”

पाद्रीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सावकाश म्हणाले, की आत्यावरची बंदी आजपासून उठली, उद्या ते स्वतः मंडळीला तसं सांगतील. आईनं मात्र पंच बसून ठरवीपर्यंत मेजाशी येऊ नये. “आणि माझं?” मी विचारलं. ते म्हणाले, “मुलीचं मला अजून ठरवता येत नाही. उद्या दारात यादी वाचीन, तेव्हा कळेल.” निघताना मास्तरांनी देवळाच्या कपाटातून ती वाटी काढली आणि माझ्या हातात दिली. दोन वर्षांनी का होईना, मी वाटी घेऊन घरी आले.

रविवारी सकाळी आत्या मला नेसवायला आली. नऊवारी लुगडं, त्याचा बोंगा होऊन मी गवताच्या गंजीसारखी दिसत होते. केस कोरडे, काही केल्या बसेनात, चारी बाजूंनी उभे. “नाव नसलं तर?” मी विचारलं. “तर नेसून बाकावर बस. लुगडं कुठं वाया जातं?” आत्या म्हणाली. आई कोपऱ्यात भावाला आंघोळ घालत होती, ती एकदाच माझ्याकडं बघून हसली.

आणि मोटार आली! नगरच्या रस्त्याकडून आधी धूळ दिसली, मग आवाज, मग पोरांचा गलका. मास्तरांनी आम्हाला ओळीत उभं राहायला बजावलं होतं, तरी माझे पाय चार पावलं पुढं गेलेच. बिशपसाहेब उतरले. उंच, म्हातारे, मान उन्हानं लालभडक. मराठी बोलायचे, पण एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा सुटा. देवळाच्या दारात पाद्रीसाहेब उभे राहिले, यादी वाचू लागले. तीन मुलांची नावं झाली. चार मुलींची झाली. पाद्रीसाहेबांनी कागदाची घडी घातली. माझ्या कानात नुसतं सूं सूं वाजायला लागलं. मग त्यांनी कागदाकडं न बघताच माझं नाव घेतलं. मी “हजर!” म्हणून इतक्या जोरात ओरडले, की ड्रायव्हरसुद्धा मोटारीतून वाकून बघायला लागला.

डोक्यावर हात पडला तेव्हा काय वाटलं, असं मला अजून विचारतात. मला वाटलं होतं वीज पडल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. हात हलका होता, ऊबदार होता. प्रार्थना संपली, बिशपसाहेब हात उचलायला गेले, आणि माझे कोरडे केस त्यांच्या अंगठीत अडकले. ते सोडवू लागले. हलक्या हातानं, एकेक केस. मला हसूही आवरेना आणि रडूही. शिंक मात्र आली नाही. पुढं वस्तीत सगळीकडं झालं, की बिशपसाहेबांनी सगळ्यांत जास्त वेळ हात ठेवला तो माझ्याच डोक्यावर. मी कधी खुलासा केला नाही.

मग प्रभुभोजन. आम्ही आठजण पहिल्यांदा कठड्यापाशी टेकलो. मी शेवटची, माझ्या पलीकडं दोन माणसांची जागा मोकळी. बिशपसाहेब भाकर घेऊन एका टोकानं निघाले, मागून पाद्रीसाहेब प्याला घेऊन. तेवढ्यात मागं कुजबुज झाली. मी मान वळवली. आत्या भिंतीपासून उठली होती. तिला आता मोकळीक होती, पण ती एकटी येत नव्हती. तिनं आईचं मनगट धरलं होतं. आई मागं ओढत होती, आत्या पुढं. मास्तर खोकले, दोनदा खोकले. आत्यानं तिकडं बघितलंही नाही. दोघी माझ्या शेजारी येऊन गुडघ्यांवर बसल्या, आधी आत्या, मग आई.

“हात पुढं कर,” आत्या पुटपुटली.

बिशपसाहेबांना काय माहीत कुणाला मेज बंद आहे? त्यांनी माझ्या तळव्यावर भाकर ठेवली, आत्याच्या ठेवली, आईच्या ठेवली, आणि मागं फिरले. मागून पाद्रीसाहेब आले. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी मला प्याला दिला. मग आत्याला दिला. आत्यानं शिकवल्याप्रमाणं प्याल्याचा तळ धरला, प्याली, आणि तळ सोडलाच नाही. पाद्रीसाहेब उचलायला गेले तर उचलेना. ती वर त्यांच्या डोळ्यांत बघत होती. आत्यानं प्याला तसाच धरून आईच्या बाजूला सरकवला.

पाद्रीसाहेबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग ते वाकले, आणि प्याला देताना म्हणायचे ते शब्द त्यांनी आईसाठी पहिल्यापासून म्हटले. आई प्याली. आत्यानं मग हात सोडला.